परसातलं पाणी

दोडक्याच्या वेलाची बुडाकडची पानं पिवळी पडली, तेव्हा मुक्ताबाईनं ती खुडून टाकली आणि फारसं मनावर घेतलं नाही. श्रावणात असं होतं. वरून पाऊस, खालून जमिनीची वाफ. अंगावरचं लुगडं सकाळी भिजायचं, अंगावरच वाळायचं आणि पुन्हा भिजायचं. अशा हवेत माणसाच्या पायाच्या बेचक्या चिघळतात, तिथं वेलाचं काय!

पण पुढच्या उघडिपीला ती परसात गेली, तर अख्खा वेल मान टाकून मांडवावरून लोंबत होता. शेजारचं कारलंही मलूल दिसत होतं. तिनं बुडाशी हात घालून दोडका उपटला. उपटावा लागलाच नाही, तो आपणहून हातात आला. मुळं काळी पडली होती, बोटांत धरली की साल सुटून येत होती. नासलेल्या पेजेसारखा वास आला.

ती तिथंच उकिडवी बसली. चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. खारट लागली. मग वाटलं, आपल्याच बोटाचा घाम असेल. पुन्हा एकदा ठेवली. काही कळेना.

शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अंगाला, नदीकडे उतरत्या जागेवर हे घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत तिचा दीर सर्जेराव आणि त्याची बायको सगुणा राहत. मागची एक खोली आणि परसू मुक्ताबाईचं. तिचा नवरा कर्नाटकच्या स्वारीत तापानं गेला. त्याचं पागोटं तेवढं घरी आलं. पोरबाळ नव्हतं. तेव्हा पंच पुढच्या ओसरीवर बसले आणि त्यांनी बेलभंडार उचलून, शपथेवर ठरवून दिलं, की मुक्ताबाई परसू कसते तोवर मागची खोली आणि परसू तिचं. तिच्यानं कसणं झालं नाही, तर जागा धाकट्याकडे जाईल आणि तिनं पाडळीला भावाकडे जावं.

पाडळीच्या भावाला तिनं ओळखलेलं होतं. त्याच्या घरी शेण काढायला बाई हवी होती.

म्हणून ती परसू कसत होती. मांडवावर दोडका, कारलं, पडवळ. खाली वाफ्यांत वांगी, माठ, घेवडा. भिंतीच्या कडेनं अळू. घरापुरतं ठेवून उरलेलं ती पाटीत भरायची आणि वाड्यापुढच्या बाजारात गेनबा माळ्याच्या शेजारी बसून जोंधळ्याच्या बदल्यात द्यायची. गेनबा नदीपलीकडच्या भांबुर्ड्याचा. त्याच्या बैलाइतकाच शांत आणि तितकाच हट्टी. तो पंचांतलाही एक होता.

"मुळी कुजली म्हंजी पानी तुंबलं आसंल," गेनबा म्हणाला. "मोरी बघितली का?"

परसाच्या खालच्या भिंतीत बुडाशी एक दगडी मोरी होती. घराचं, अंगणाचं, वरच्या आळीचं सगळं पाणी परसातून वाहत येऊन तिच्यातून नदीकडे जायचं. मुक्ताबाईनं घरी येऊन मोरीत काठी घातली. काठी हातभर सरळ आत गेली आणि दगडाला लागली. तिथून मोरी वळते हे तिला माहीत होतं. वळणापर्यंत काठीला काहीच अडलं नाही. थोडं पाणी झिरपतही होतं. मोरी मोकळीच होती म्हणायची.

मग तिची नजर भिंतीकडच्या चिखलावर गेली. तिथं पावलं उठली होती. लहान पावलं, बाईची. दुसऱ्या बोटाशी जोडव्याची खूण चिखलात स्वच्छ उमटली होती.

मुक्ताबाईच्या पायात जोडवी नव्हती. ती कधीच उतरली होती.

त्या दिवसापासून तिनं सगुणेवर डोळा ठेवला. सगुणा विहिरीसारखी बाई. बोललं तर आवाज परत यायचा, तोही तुटक. लग्न होऊन आली तेव्हापासून मुक्ताबाईशी तिचं फारसं सूत नव्हतं. आता मुक्ताबाईला एकेक गोष्ट दिसायला लागली. सगुणेच्या लुगड्याचे काठ चिखलानं भरलेले असायचे, आणि ती तर सारा दिवस घरात. तिच्या डाव्या कोपरावर खरचटलं होतं. विचारलं तर म्हणाली, "उंबऱ्याला लागलं." उंबरा कोपराला कसा लागतो, हे मुक्ताबाईनं विचारलं नाही. मनात ठेवलं.

भाजी पुढच्या घरात द्यायची तिनं बंद केली. आधी रोज सकाळी घेवड्याची ओंजळ किंवा एखादं पडवळ ती सगुणेच्या चुलीशी ठेवायची. आता ठेवीना. दोनतीन दिवस सगुणा काही बोलली नाही. मग एकदा कोरडी भाकरी खाताना सर्जेरावानं विचारलं, "आज कोरड्यास नाही काही?"

"जाऊबाईंचा मांडव रुसलाय," सगुणा म्हणाली. "आपल्यावर."

मागच्या खोलीत मुक्ताबाईनं ते ऐकलं आणि ओठ आवळले.

सर्जेराव मात्र तिला सांभाळून घेत होता. ती लग्न होऊन आली तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता. सासू आधीच गेली होती. तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, देवी आल्या तेव्हा कडुनिंबाच्या पाल्यावर निजवून रात्रंदिवस बसली. आता तो दणकट गडी झाला होता. पण गेल्या स्वारीत त्याचा घोडा नदीत गेला. स्वतःच्या घोड्यावर बसून जाणारा तो शिलेदार, परतताना लोकांच्या बैलांमागून चालत आला. तेव्हापासून तो चावडीकडे फिरकत नसे. दुपारी ओसरीवर बसून राही आणि शेजारच्या वाड्यातल्या पागेचे घोडे पाण्यावर निघाले, की मान खाली घाली.

तो परसात येऊन कुदळ घ्यायचा. वाफ्यांना बांध घालून द्यायचा. कपाळावरचा घाम पुसून म्हणायचा, "वहिनी, जमिनीतच दम राहिला नाही. किती मराल?"

"दम नसता तर अळू कसं वाढलं असतं?"

"अळू काय, उकिरड्यावरही वाढतं." मग थोडं थांबून, "पाडळीला गेलात तर चार दिवस विसावा तरी मिळेल."

"भावजी, माझ्या परसात कुणीतरी काहीतरी घालतंय."

सर्जेरावानं तिच्याकडे पाहिलं. "कोण घालणार?"

ती काही बोलली नाही. नुसतं पुढच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. सर्जेरावानंही तिकडे पाहिलं आणि तोही काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्यानं मुक्ताबाईची खात्री झाली. नवऱ्यालाच जर नाही म्हणवत नाही, तर मग खरंच असणार.

श्रावण अर्ध्यावर आला. पाऊस धड पडेना, धड उघडेना. उकाड्यानं जीव घुसमटायचा. वांग्याच्या वाफ्यात पाऊल घातलं की घोट्यापर्यंत रुतायचं आणि उपसताना चिखल मुका घेतल्यासारखा आवाज करायचा. वांग्याची फुलं देठासकट गळून पाण्यावर तरंगायला लागली. पडवळ कोवळंच सडलं. मुक्ताबाईनं चुलीची राख आणून बुडाशी टाकली, हातानं पाणी उपसून टाकलं. पायाच्या बोटांत खपल्या धरल्या. संध्याकाळी त्यांना एरंडाचं तेल लावताना तिच्या मनात एकच यायचं, ही पुढं बसून माझं मरण बघते आहे.

एके सकाळी आळीच्या हौदावर बायकांची गर्दी होती. सगुणा घागर भरत होती. मुक्ताबाई मागून आली, आणि इतके दिवस कोंडून ठेवलेलं तोंडातून बाहेर पडलं.

"माझ्या वेलांच्या बुडाशी मीठ टाकतेस, ते आणतेस कुठून गं? माझ्याच मडक्यातलं की काय?"

हौदावरचा कलकलाट थांबला. एकीनं भरलेली घागर तशीच कमरेवर धरून ठेवली. सगुणेनं आपली घागर हौदातून काढली, पाणी वरवर सांडून दिलं आणि चुंबळ डोक्यावर ठेवली.

"माझ्या हातात घागर आहे, जाऊबाई. मीठ नाही."

"भिंतीशी पावलं कुणाची?"

"माझी."

"कबूल करते आहेस?"

"पावलं माझी म्हणाले. मीठ माझं नाही म्हणाले." तिनं घागर चढवली. मान ताठ धरून ती निघाली. पण तिचा चेहरा कानापर्यंत तापला होता, आणि घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या पाठीवरून वाहत होतं. कोणीतरी मागं म्हणालं, "पावलं गेली, हात म्हणे घरीच राहिले!" दोघीतिघी हसल्या.

त्याच दुपारी सर्जेराव मुक्ताबाईच्या दाराशी आला. "वहिनी, आता पंचांनाच बोलावतो. परसू बघतील आणि काय ते ठरवतील. हौदावर तमाशा नको."

"बोलवा," ती म्हणाली. "मलाही त्यांना सांगायचं आहे."

पंच दोन दिवसांनी येणार होते. आदल्या दिवशी सकाळी मुक्ताबाई गेनबाला निरोप द्यायला बाजारात गेली, पण पावसाची मोठी सर आली म्हणून अर्ध्या वाटेतून परतली. घोंगडीची खोळ सारखी करत ती मागच्या दारानं परसात शिरली, आणि जागीच थांबली.

सगुणा भिंतीशी चिखलात आडवी झाली होती. उजव्या कुशीवर. डावा हात खांद्यापर्यंत मोरीत गेला होता, गाल चिखलाला टेकला होता. पाऊस तिच्या उघड्या पोटरीवर पडत होता. ती दात आवळून काहीतरी ओढत होती.

मुक्ताबाईनं जाऊन तिचा दंड धरला. "काय घालते आहेस आत?"

सगुणा दचकली नाही. थकलेल्या जनावरासारखं तिनं नुसतं वर पाहिलं. मग हात बाहेर काढला. तिच्या मुठीत बुरणुसाचा तुकडा होता, घोड्याच्या खोगिराखाली घालतात तसला, पाण्यानं फुगून जड झालेला. त्याच्यामागोमाग मोरीत पाणी गुरगुरलं आणि परसातलं तळं हळूहळू भिंतीकडे सरकायला लागलं.

"घालत नाही. काढते आहे," ती म्हणाली. "वळणापलीकडे बसवलेला असतो. काठी पोचत नाही तिथं. मी काढून ठेवते, ते पुन्हा घालतात."

"ते कोण?"

सगुणेनं पुढच्या खोलीकडे पाहिलं. हे नाव घेण्याची तिला चोरीच होती.

"सर्जेराव?" मुक्ताबाई म्हणाली. "खोटं बोलतेस! त्या पोराला मी..."

"शेजारच्या पागेला जागा हवी आहे घोडे बांधायला. परसू दिलं तर दसऱ्याला ह्यांना बसायला घोडा मिळणार आहे." सगुणा उठून बसली. कोपरावरची जुनी खपली निघून रक्त येत होतं. "मी म्हणाले, नका करू. तर म्हणाले, मी वहिनींना हात धरून काढतोय का? पाऊस काढतोय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मुक्ताबाईनं तिच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. बुरणूस ह्याच घरातला होता, हे तिला ओळखू आलं. पण घरात दोघं राहत होती. पावलं बाईची होती. मोरीत हातही बाईचाच दिसला होता. पकडली गेली की कुणीही म्हणेल, मी काढत होते.

"परत घाल तो," ती म्हणाली.

सगुणा तिच्याकडे पाहत राहिली.

"जिथं होता तिथं. जसा होता तसा. उद्या पंच येईपर्यंत हात लावू नकोस."

"तुमचा अजून विश्वास नाही."

"नाही," मुक्ताबाई म्हणाली.

सगुणा पुन्हा चिखलात आडवी झाली. डावा हात आत गेला. पाण्याचा गुरगुराट थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच आले. गेनबा होता, देवळाचे म्हातारे गुरव होते आणि आळीतले एक जुने हवालदार. परसात जायला कोरडी वाट नव्हती. सर्जेरावानं दगड टाकून दिले. मांडवावर वाळक्या दोऱ्यांसारखे वेल लटकत होते, खाली पाण्यात वांग्याची नुसती काटकं उभी होती. सगुणा दाराच्या चौकटीशी पदर घेऊन उभी राहिली.

"रान बुडालंय की," गेनबा म्हणाला.

"मी रोज राबतोय त्यांच्याबरोबर," सर्जेराव म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "पण आता वय झालं त्यांचं. परसू कसणं होत नाही. त्यांना दोष नाही माझा."

हवालदारांनी मुक्ताबाईकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं, बाई? कुणी मीठ टाकतंय म्हणे?"

सगुणेनं मान खाली घातली. मुक्ताबाईनं पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर एक पिवळं पान गोल फिरत होतं.

"मीठ टाकतंय असं मी म्हणाले होते. चुकीचं म्हणाले," ती म्हणाली. "मला वाटतं मोरी तुंबली आहे. भावजी, तुम्ही हात घालून पाहिलात का कधी?"

"मोरीत? लहानपणापासून कधी हात घातला नाही. काठी घालून तुम्हीच तर पाहिलीत. मोकळी आहे."

"माझा हात वळणापर्यंत पोचत नाही. पंच आलेत तर एकदा बघून घ्या. मग मी जाते पाडळीला."

सर्जेरावानं पंचांकडे पाहिलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. त्यानं धोतराचा काचा मारला, भिंतीशी गेला आणि चिखलात आडवा झाला. उजव्या कुशीवर. डावा हात त्यानं मोरीत घातला.

मुक्ताबाईनं तो हात पाहिला.

तो उजव्या हाताचा माणूस होता. तलवार, कुदळ, घास, सगळं उजव्या हातानं. तिनंच त्याला उजव्या हातानं जेवायला शिकवलं होतं. मोरीत कधी हात न घातलेल्या माणसानं आधी उजवा हात घातला असता, दगडाला आपटला असता, मग वळण चाचपलं असतं. त्याला चाचपावं लागलं नाही. डावाच हात लागतो, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

तो हात आत घालून तसाच पडून राहिला. "काही नाही इथं," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

मुक्ताबाई पाण्यातून चालत त्याच्याजवळ गेली. इतक्या वर्षांत तिनं त्याला भावजी सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"सर्जा," ती म्हणाली. "आण ते बाहेर."

बराच वेळ गेला. मग त्याचा खांदा हलला. हात बाहेर आला, आणि पाणी मोठ्यानं गुरगुरत मोरीत शिरलं. बुरणुसाचा काळा गोळा चिखलात पडला. शेजारची पागा सोडली तर आळीत ह्या एकाच घरी जुनं खोगीर पडून होतं आणि ते कुणाचं, हे तिघाही पंचांना माहीत होतं.

गुरव आकाशाकडे पाहत राहिले. हवालदार खाकरले. सर्जेराव उठून उभा राहिला. त्याच्या अर्ध्या तोंडाला चिखल लागला होता आणि तो पुसायला त्यानं हात उचलला नाही.

"मोरी तुंबली हुती," गेनबा शेवटी म्हणाला. "आता पानी सुटलं. बाईच्या परसाला काय झालेलं न्हाई. आमचं आधीचं बोलनं हाय तसं हाय." आणि तो दगडांवरून न जाता सरळ पाण्यातून चालत निघून गेला.

दुपारी पुढच्या खोलीतून सर्जेरावाचा आवाज आला. तो मोठा नव्हता, पण त्यात धार होती. "मी घालत होतो, तो दिवसाआड निघत होता. कोण काढत होतं? भिंतीशी पावलं तुझी होती."

मग बांगड्या खळकन वाजल्या.

मुक्ताबाईच्या हातात खुरपं होतं. ती तशीच पुढच्या खोलीत गेली. सर्जेरावानं सगुणेचं मनगट धरलं होतं.

"मी काढत होते," मुक्ताबाई म्हणाली.

"तुमचा हात पोचत नाही म्हणालात."

"पंचांपुढं म्हणाले." तिनं डावा हात पुढं केला. कोपर झाकलेलं होतं. "हिला काय ठाऊक? हिला मी हौदावर चोर म्हणाले, ते उगाच का? सोड तिला."

सर्जेरावानं एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण खोटंही ठरवता येईना. त्यानं मनगट सोडलं. त्या दिवसानंतर तो दोघी एकत्र दिसल्या की थांबून ऐकायचा. दोघी बोलत असल्या तरी थांबायचा, गप्प असल्या तरी थांबायचा.

परसू आठवडाभरात निथळलं. मुक्ताबाईनं मेलेले वेल ओढून काढले. उपटलेली वांगी बांधावर टाकली. जमीन वाफशावर आली तेव्हा सगुणा न विचारता दुसरं खुरपं घेऊन आली. दोघींनी शेजारी बसून वाफे काढले, मेथी आणि मुळा टाकला. मुक्ताबाईनं सगुणेच्या कोपराला एरंडाचं तेल लावून दिलं. सगुणेनं लावू दिलं.

दसऱ्याला सर्जेराव पायदळात निघाला. खांद्याला ढाल, कमरेला तलवार, पायात नव्या वहाणा. मुक्ताबाईनं पहाटे उठून भाकऱ्या भाजल्या होत्या, त्यांवर मेथीचा ठेचा घालून फडक्यात बांधल्या होत्या. तो तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवताना तो किंचित आक्रसला, आणि ते तिला हाताला जाणवलं.

तिनं शिदोरी दिली. त्यानं घेतली. गाठ पाहिली. थोडा वेळ वजन करत असल्यासारखी हातात धरून राहिला.

"मेथी परसातलीच ना?" त्यानं विचारलं.

"परसातलीच."

"तुम्ही दोघींनी लावलेली."

"हो."

त्यानं शिदोरी हलक्या हातानं ओसरीच्या कडेवर ठेवली. "वाटेत मिळेल काहीतरी," म्हणाला आणि आळीच्या तोंडाकडे चालायला लागला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मुक्ताबाई ओसरीवर बसून राहिली. तो दिसेनासा झाला तरी ती तिकडेच पाहत होती. तिच्या हातची भाकरी त्यानं कधी टाकली नव्हती. तापात टाकली नव्हती, रागात टाकली नव्हती.

सगुणा आतून आली. तिनं शिदोरी पाहिली, जाऊबाईंकडे पाहिलं, आणि काही न विचारता खाली बसली. गाठ सोडली. एक भाकरी मोडून अर्धी मुक्ताबाईच्या हातात दिली, अर्धी आपण घेतली आणि खायला लागली.

मुक्ताबाईनं भाकरी हातातच धरली. "अगं, आत मी काय घातलंय, ते तू आधी बघून तरी घे," ती म्हणाली आणि हसली. पण हसताना तिचे डोळे भरून आले.

"बघितलं," सगुणा घास चावत म्हणाली. "मीठ कमी आहे."